साडेआठची पालकसभा

सभा रात्री साडेआठला, कारण
उद्यमनगरातले फोन त्याआधी घरी येत नाहीत.

श्रीजाची आई म्हणाली,
चार तास तरी शिकवा बाई, फी कशाची भरतो?
बंडा पोवार म्हणाले, चार तास?
घरात फोन एकच, तो माझ्यासंगं फौंड्रीत असतोय.
कुणी म्हणालं, गृहपाठ वाढवा.
कुणी म्हणालं, बंदच करा की ओ,
आमीच परत दुसरी पास व्हायलोय.
हेडसर म्हणाले, अपेक्षा लेखी द्या.

मी वहीत लिहिलं : अपेक्षा.
खाली एक. पुढं काही सुचेना.
तेवढ्यात माझाच पोरगा दारात,
पाटीवर उलटा क्ष घेऊन.
'थांब की रे, माझी शाळा चालू आहे.'

माइक चालूच होता.
पंचवीस घरं गप्प.
कुणाच्या तरी कुकरनं तेवढी शिट्टी दिली.

मग पोवार खाकरले.
'बाई, आदी त्याचं बघा. आमी थांबतो.'

मी क्ष सुलटा करून आले.
पोवारांच्या चौकोनात आता त्यांची पोरगी,
कॅमेऱ्यावरचा बापाचा काळा अंगठा
फ्रॉकनं पुसत होती.
आधी नुसतं फ्रॉकवरचं फूल दिसलं,
मग ती.