अळणी

पयल्या दिवशी वाटलं, इसरली असंन.
दुसऱ्या दिवशी दुसरीतली श्रावस्ती
ताटली घेऊन चुलीपाशी आली,
"काकू, खिचडीत मीठ नाई."
तिसऱ्या दिवशी कोणी बोललं नाई.
लेकराईनं गुपचूप खाल्लं.
त्याईचं ते गुपचूप खाणं
मले जास्त लागलं.

दीडशे पोट्ट्याईचा सैपाक, अकरा वर्सं.
हाताले माप पाठ होतं,
दोन मुठा अन् वरून चिमूट.
आता डबा उघडून उभी राहो
अन् समजे नाई, कशाले उघडला.

रडू येत नोयतं, हे पयले सांगतो.
लोकाईले वाटते दुःख म्हणजे रडणं.
मले तर काईच येत नोयतं.
भाचीच्या हळदीत सारे नाचले,
मी ताट धरून उभी,
भिताडासारखी.

रात्री अडीचले डोये उघडत.
मोरीतला नळ गळे, मी थेंब मोजो.
हजार झाले का पुन्हा एकपासून.
एका रात्री विहिरीची आठवण आली.
इचार बी नाई म्हणता येत त्याले.
नुसतं वाटलं, तिथं थंड असंन.

सासू म्हणे, बाहेरचं हाय.
लिंबू उतरवलं, अंगारा लावला.
हे म्हणत, आराम कर.
आराम!
आरामात तर थे बसलंच होतं
माह्या छातीवर, पाय पसरून.

ढोकणे सर रागावले नाईत.
त्याईनं मिठाची पिशवी पुढं केली.
"पंचफुलाबाई, महिना झाला,
हे अर्धी बी सरली नाई.
आमच्या घरी बी असंच झालं होतं.
दारव्ह्याले सरकारी दवाखान्यात
गुरुवारी एक मॅडम बसतात."
एवढं बोलून हजेरी घ्यायले गेले.

पयल्या गुरुवारी एसटी आली,
मी हातच नाई दाखवला.
दुसऱ्या गुरुवारी गेली.
नऊ नंबरची खोली.
पाटीवरचा 'स' पुसलेला,
मी वाचलं, 'मुपदेशन'.
वाटलं, हा बी एखादा रोग असंन.

पंखा कुरकुर करे.
सुई नाई, नळी नाई.
भोंगाडे मॅडमनं इचारलं,
"झोप कशी आहे?"
तीन बाळंतपणं झाली, एक लेकरू गेलं,
माह्या झोपेचं कोणी इचारलं नोयतं.
"अन् जेवणाची चव?"
मी हासली. खरंच हासली.
"मॅडम, त्याच्यावरूनच तर आली."

मंग विहिरीचं सांगतलं.
वाटलं, आता घरी फोन करते का काय.
त्याईनं पेन खाली ठेवला.
आयकत राहिल्या.
मंग म्हणे, "हा आजार आहे, पंचफुलाताई.
तुमचा आळस नाही, स्वभाव नाही.
डॉक्टर पण पाहतील. तुम्ही दर गुरुवारी या.
अन् रात्री तसं वाटलं तर
मोजत बसू नका, कोणालाही उठवा."

आजार.
थो शब्द मी एसटीत घरी आणला
बजारातून नवा विळा आणावा तसा,
पदरात गुंडाळून,
कोणाले लागू नये म्हणून.

एका रात्री सासूलेच उठवलं.
थे काई बोलली नाई.
अंधारात माह्या पाठीवर
हात ठेवून बसली, फटफटेपर्यंत.
अंगारा तिनं अजून फेकला नाई.
गोळ्याचा डबा अन् अंगाऱ्याची पुडी
एकाच फळीवर हायेत.

बरी झाली, असं नाई म्हणत.
काई दिवस येते, काई दिवस जाते.
मागच्या सोमवारी श्रावस्ती ओरडली,
"काकू, खारट! लय खारट!"
सारी रांग हासली.
मी तिले पाण्याचा गिलास देल्ला
अन् स्वतः बी एक घास खाऊन पायला.
खारटच होती.

काल नऊ नंबरपुढच्या बाकावर
आमच्याच गावचा चक्कीवाला उद्धव दिसला.
भुवयाईत पीठ, नाकापर्यंत दुपट्टा.
मले पाहून त्यानं
भितीवरचं पोस्टर वाचायले घेतलं,
लसीकरणाचं, उभ्या उभ्या.

मी काई इचारलं नाई.
पिशवी मांडीवर घेतली
अन् जराशी सरकली.