कुठली काटला

विक गावात कोणी म्हटलं, "काटला उठली,"
तर आधी विचारावं लागतं, कुठली?

दुकानदार हाल्वार्दुरची तीन वर्षांची पोर,
की माझी काळ्या तोंडाची मेंढी, कुंपणं मोडणारी,
की बर्फाखाली निजलेला तो डोंगर?
तो उठला तर आम्ही सगळ्यांनी
टेकडीवरच्या चर्चकडे पळायचं,
असं ठरलंय.

नावाचा अर्थ म्हणे कढई.
बायकोला मी तेवढ्यावरून चिडवायचो,
आणि ती लगेच उतू जायची.

आता रोज सकाळी रेडिओ सांगतो,
काटला शांत आहे.
ठाऊक आहे, मी म्हणतो.

मग दार उघडून हाक मारतो,
पूर्ण नावानं, तिच्या बापाच्या नावासकट.

मेंढी येते.