सव्वा पळ

लीड्सच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
मी गाड्यांच्या वेळा कातरते.
आमच्या धंद्यातलं सगळ्यात लहान नाणं अर्धं मिनिट.
त्याहून कमी इथे चालत नाही.

यंदा वरून आकडा आला: सात.
खोऱ्यातल्या लोकलची सात मिनिटं कमी करा.
खांब रोवून झाले होते, तारा ओढून झाल्या होत्या,
नवी गाडी चढावर धापा टाकत नव्हती,
त्यातच साडेपाच सुटली.
उरलेली दीड
मला कुठून तरी खरवडायची होती
पातेल्याच्या बुडाशी लागलेल्या खिरीसारखी.

एका प्रवाशाला विचारलं,
सात मिनिटं वाचली तर काय कराल?
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
म्हणाला, अंथरुणातच पडून राहीन. जागा.

महिनाभर सकाळच्या गाडीने फिरले,
गुडघ्यावर वही, मुठीत स्टॉपवॉच,
दारं उघडल्यापासून मिटेपर्यंत.
अर्धं, अर्धं, अर्धं.
एक पूर्ण मिनिट जंक्शनाअलीकडे सापडलं,
उगाच लाल सिग्नलपाशी उभं.
ते उचललं.
आता राहिलं अर्धं,
आणि ते होतं थॉर्नली ब्रिजला,
सात अठ्ठेचाळीसच्या गाडीत.

तिथे गार्ड इम्तियाज
कपाटातून घडीचा रॅम्प ओढून काढायचा,
फलाट आणि पायरीमधली वीतभर दरी बुजवायचा,
मग डोरीन सटक्लिफबाई, मांडीवर लोकरीची पिशवी,
चाकाच्या खुर्चीतून वर यायच्या.
बाजारात त्यांचा लोकरीचा गाळा आहे.
रॅम्पच्या मध्यावर येऊन त्या रोज थांबायच्या
आणि म्हणायच्या,
'तुझा तो डावखुरा पुन्हा शून्यावर गेला ना रे?'
आणि इम्तियाज घडी घालता घालता
त्या डावखुऱ्याची बाजू लढवायचा.

हे मी रकान्यात कसं लिहू?
लिहिलं: 'निघत नाही.'
हीदर म्हणाली, राहू दे, वसंतात फलाट उंच होतोच आहे.
पोस्टरवर सात छापलं.
साडेसहाचं सात झालेलं
एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही.

आणि खरंच झाला उंच.
ताजं काँक्रीट, पिवळी कड,
काठीला कळतील अशा ठिपक्यांच्या फरशा.
पहिल्या दिवशी सटक्लिफबाई एकट्या आत गेल्या,
बाहेर आल्या, परत आत गेल्या.
इम्तियाज पुढे झाला तर म्हणाल्या,
'हात खिशात ठेव.'
बावीस वर्षं त्या हे वाक्य
तोंडात धरून बसल्या असाव्यात.

तेव्हापासून ते अर्धं मिनिट रिकामं आहे.
गाडी उभी. दारं उघडी. काहीच होत नाही.
वेळेआधी सुटायची सोय नाही, म्हणून
ड्रायव्हर संत्रं सोलतो.
टेकडीवरून एक पोरगा
बुटाची नाडी लोळवत धावत येतो, आणि त्याला गाडी मिळते.
सटक्लिफबाई आतून ओरडतात,
'कशाची वाट बघतोयस रे?'
इम्तियाज घड्याळ दाखवतो. 'वेळेची.'

मी एकदा सहज हिशेब मांडला.
चोवीस मिनिटांची घटका, घटकेची साठ पळं,
म्हणजे अर्धं मिनिट भरतं सव्वा पळ.
सव्वा!
देवापुढे ठेवतात तेवढं,
पुऱ्याहून पाव जास्त,
हिशेब बंद होऊ नये म्हणून.

डिसेंबरच्या वेळापत्रकाचा मसुदा टेबलावर आहे.
थॉर्नली ब्रिजपाशी हीदरने
पेन्सिलीने गोल केलाय, शेजारी प्रश्नचिन्ह.
बरोबर आहे तिचं.
त्या गाडीत चारशे माणसं बसतात,
चारशे गुणिले अर्धं, मला करता येतं.

मी म्हणाले, उद्या बघते.
हे परवा म्हणाले होते.