बाथटबातलं बिऱ्हाड

शनिवारी पहाटे चारला कामाला हात घातला.
बाहेर उणे एकतीस. सास्काटूनची नदी
या काठापासून त्या काठापर्यंत मुकी.
आणि माझ्या न्हाणीघरात पंचवीस अंशांचा समुद्र
हिरव्या नळीतून टबात उतरत होता,
घागर भरताना होतो तसा आवाज करत:
आधी पोकळ, मग जाड, मग जवळजवळ नाहीच.

दोनशे लिटरची जुनी टाकी, सांध्यांतून झिरपणारी.
सहाशेची नवी हॉलमध्ये उभी, कोरडी,
कुणीच न राहिलेल्या घरासारखी स्वच्छ.
मधल्या दोन दिवसांपुरती
सगळ्यांची सोय लावायची होती.

टबात खडक. निळ्या पिंपात मासे.
बोर्श करायच्या मोठ्या पातेल्यात शंखातले खेकडे;
ते पातेलं आता कुणी मागायला येणार नव्हतं.
ज्याला त्याला आपापला हीटर, आपापले बुडबुडे,
एका एक्स्टेन्शनच्या वायरीवर सगळ्यांचा जीव.
तळाची वाळू मात्र ढवळायची नाही.
बारा वर्षांचं काळं साठलेलं असतं तिच्यात,
सडक्या अंड्यांच्या वासाचं.
एकदम वर आलं की कुणी वाचत नाही.
हे मला मासे पाळून कळलं, संसार करून नाही.

समुद्रफूल खडक सोडेना.
ओढावं तर त्याचा पाय फाटतो.
मी खिडकी उघडली, वळचणीचा बर्फाचा सुळा मोडला,
पिशवीत घालून खडकाच्या पाठीला धरून बसलो.
बोटं बधिर झाली.
पंधरा मिनिटांनी ते हळूच सरकलं,
ऊब शोधत, माझ्या तळहातावर.
इथल्या थंडीला मी जन्मभर शिव्या दिल्या.
त्यातली एक मागे घेतली.

एकतीस वर्षं पोटॅशच्या खाणीत काढली,
एक किलोमीटर खाली, गुलाबी मिठाच्या भिंतींत.
इंजिनियर सांगायचे, हा समुद्रच आहे, आटलेला,
वर गहू पेरलाय एवढंच.
डबा खाताना उकडलेलं अंडं भिंतीला घासायचो.
आता मीठ बादलीतून घेतो, तोलून, विरघळवून,
काटा पस्तिसावर येईपर्यंत.
एक समुद्र खणून काढला, एक भरतोय.
पाठ तेवढीच दुखते.

रात्री दोनला आवाज आला.
टक्.
तोच. नऊ वर्षं ऐकलेला.
मी म्हणायचो, भिंतीतला पाइप गोठतोय.
स्लावका म्हणायची, टाकीत कुणीतरी आहे.
प्लंबर दोनदा आला. पाइप बदलले.
टक् राहिलं, त्यावरची भांडणं राहिली,
मग भांडणंही थांबली,
मग ती रेजायनाला बहिणीकडे गेली.
त्यावरून नव्हे. पण त्याच हिवाळ्यात.

आज टक् टबातून आलं.
टॉर्च मारला. खडकाच्या बिळात
करंगळीएवढी कोळंबी, एक नांगी दुसरीच्या तिप्पट,
पिस्तूल रोखून बसलेली.
माझ्याच घरात, नऊ वर्षं, भाडं न देता.

फोन लावला. घड्याळ बघायला हवं होतं.
"ऑरेस्ट? कोण गेलं?"
"कुणी नाही. ऐक."
फोन पाण्यावर धरला.
कोळंबी गप्प. हीटरचा दिवा विझला, लागला, विझला.
पलीकडून फोन ठेवला नाही.
तिला थांबता येतं, हे मी विसरलो होतो.

टक्.

मग तिचं हसू, झाकण सरकून वाफ निसटावी तसं.
"पाइप," ती म्हणाली. "पाइप गोठतोय म्हणे."

रविवारी सगळे नव्या टाकीत सोडले, मोजून.
मासे अजून डाव्या कोपऱ्यात,
जुन्या काचा होत्या तेवढ्याच पाण्यात फिरतात,
नसलेल्या भिंतीपाशी वळतात.
बाकीचे चारशे लिटर नुसतेच उजळलेले.
कोळंबीचा खडक सोफ्याच्या बाजूला लावलाय.

स्लावका म्हणते, ते पातेलं तिचं आहे.
दोनदा घासलं.
खारट वास जात नाही.