क्रॉसिंग

माझा लाइन बॉक्स आता ज्वारीसाठी आहे.
पत्र्यावर पांढऱ्या रंगात अजून
जी. आय. हत्तुरे, गार्ड, सोलापूर.
आत लाल-हिरव्या झेंड्यांच्या जागी
मंगळवेढ्याची मालदांडी,
कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला.

वडील होटगीला हमाल.
तिथं मीटर गेज संपायचं, ब्रॉड गेज सुरू व्हायचं.
विजापूरकडची पोती लहान डब्यातून मोठ्या डब्यात.
दोन्ही रुळांच्या मापात सव्वादोन फुटांचा फरक,
तो त्यांनी एकतीस वर्षं पाठीवर भरून काढला.
गाडीला उशीर झाला की म्हणायचे, "बरतद, बरतद."
येते, येते.
माझ्या नोकरीचं पत्र अडकलं होतं
तेव्हाही एवढंच म्हणाले.

मी पुण्याच्या सकाळच्या गाडीवर, शेवटच्या डब्यात.
सोलापूर अजून अंधारात असायचं.
पुढे इंजिनात दस्तगीर, मध्ये सतरा डबे:
चादरींचे गठ्ठे, कडक भाकरीचे पुडे,
छातीशी एक्स-रे धरून बसलेले,
मुलाखतीला निघालेले,
कानामागे पावडर तशीच राहिलेली.
दस्तगीर आणि मी बावीस वर्षं एका गाडीत,
एकत्र चहा मात्र क्वचितच.
ब्रेक कसा लागला त्यावरून कळायचं
आज घरी भांडून आलाय.

कुर्डुवाडी मागे पडली की एकेरी लाइन.
माळावर एक ठेसन. नाव नाही सांगत.
दोन बाभळी, एक हातपंप, पॉइंट्समन काशिलिंग.
समोरची येईपर्यंत आपण उभं राहायचं.
पूर्वी तिथं पोलादी गोळा मिळायचा,
मुठीत मावेल एवढा.
तो हातात आल्याशिवाय पुढचा रूळ आपला नाही.
दस्तगीर तो कानाला लावून बघायचा, म्हणे,
असं त्याचा असिस्टंट सांगायचा.

माझ्या वहीत एक रकाना होता: कारण.
उभी आठ बारा. सुटली आठ एकतीस.
कारण: क्रॉसिंग.
झालं. साहेबाला तेवढं पुरायचं.

त्या एकोणीस मिनिटांत
हातपंपाला रांग लागायची,
बाळाचं दुपटं धुऊन कुणी खिडकीच्या गजाला बांधायचं,
सुंदराबाई पेरू विकायची,
सुट्टे नसले तर म्हणायची, परवा द्या.
आणि लोक द्यायचे परवा.

दर सोमवारी समोरच्या पॅसेंजरमधून
नरसय्या यमूल खडीत उतरायचा.
साखर पेठेतले माग बंद पडल्यावर पुण्यात वॉचमन,
आठवड्याची सुट्टी घेऊन घरी निघालेला.
आमच्या गाडीत त्याची श्रीलता,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला,
सुट्टी संपवून पुण्याला निघालेली.
खिडकीतून ती डबा द्यायची,
तो घडी केलेल्या नोटा.
मग दोघं आपापल्या गाडीकडे बघत राहायचे
सिग्नल पडेपर्यंत.

एका सोमवारी समोरची उशिरा आली.
आमचा सिग्नल पडला, दस्तगीरनं शिट्टी दिली.
नरसय्या खडीतून पळत होता,
एक चप्पल मागे राहिलेली.
मी हिरवा झेंडा काखेत धरून
घड्याळाला किल्ली देत बसलो. दोन मिनिटं.
दस्तगीरनं दुसरी शिट्टी दिली नाही.
वहीत लिहिलं: क्रॉसिंग.
आयुष्यात ती एकच नोंद
मी पुन्हा वाचून पाहिली.

आता दुहेरी लाइन झाली. वरून विजेची तार.
मध्यंतरी मुलाकडे निघालो, तिकीट काढून, खिडकीपाशी.
ते ठेसन कधी गेलं कळलं नाही.
फक्त एक बाभूळ दिसली, बहुतेक तीच.
समोरची गाडी आली ती
कानफटात मारल्यासारखी वाऱ्यानं, आणि गेली.
एकही तोंड दिसलं नाही.
वाईट वाटलं म्हणू, तर तेही खरं नाही.
बावीस वर्षं शिव्या खाल्ल्या त्या उशिरापायी,
शेजारची बाई फोनवर सांगत होती, राइट टाइम आहे,
आणि माझीच कॉलर ताठ झाली.

पुण्यात गाडी चार मिनिटं आधी लागली.
मुलगा पोचला नव्हता.
पिशवीतली शेंगा चटणी सांडली नाही ना बघितलं,
बाकावर टेकलो,
शेजारच्यानं विचारलं, कुणाची वाट बघताय?
तोंडातून निघून गेलं,
बरतद.