एका दिवसाचं भाडं

यार्को म्हणाला, एक दिवस म्हणजे आठ तास.
घड्याळाचे नव्हेत, इंजिनाचे.
सीटच्या बाजूला मीटर आहे, तो मोजतो.
इंजिन बंद तर मीटर बंद,
मग वर बसून स्वेटर विणलात तरी चालेल.
स्वतःच्या विनोदावर हसला
आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

दीड टनाचं पिवळं खोदयंत्र
ट्रेलरला साखळ्यांनी बांधून सोदान्क्युलाहून आणलं.
जूनचा तिसरा आठवडा. आमच्याकडे तेव्हा सूर्य मावळत नाही,
निघतो निघतो म्हणत
दारातच तासभर बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा
झाडांच्या शेंड्यांवर रेंगाळतो.
एक दिवस भाड्यानं घ्यायचाच, तर हा घ्यावा.

तळघराच्या भिंतीला ओल येऊन वीस वर्षं झाली.
बटाटे कुजले, मुरंब्याच्या बरण्यांची झाकणं गंजली,
आणि दर वर्षी बर्फ वितळला की ताउनो म्हणायचा,
या उन्हाळ्यात चर खणू.
यंदा त्याचा खुबा बदलला.
आता तो उपड्या बादलीवर बसून
काठीनं डावीकडे, उजवीकडे, अगं डावीकडे.
मी कानांवर ती आवाज अडवणारी लाल टोपणं चढवली.
तो बोलत राहिला.
छान दिसत होता.

दोन दांडे.
डावा फिरवतो आणि लांबवतो,
उजवा उचलतो आणि मूठ मिटतो.
पहिल्या तासात मी कुंपणाचा खांब पाडला
आणि रास्पबेरीची अख्खी रांग.
दुसऱ्या तासात हात बसला.
शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं
दोनशे पोरांची लापशी ढवळली आहे मी.
जड वस्तूशी मधोमध भांडायचं नसतं,
कडेनं घ्यायची.

आधी वाळू. मग करडी, चिकट माती,
सुरीनं कापावी तशी सुटणारी.
अल्युमिनियमचा एक वाकडा चमचा.
मग सासऱ्यांनी पुरलेल्या बाटल्या, रिकाम्या, बुचं लावलेल्या.
ताउनोनं त्या काठीच्या टोकानं मोजल्या. अकरा.
सासरे दारूला शिवत नसत, असं या घरात
जेवणापूर्वीच्या प्रार्थनेसारखं सांगितलं जायचं.
काठी खाली गेली.
पुढचा तासभर मला कुणी डावं-उजवं सांगितलं नाही.

ईशान्य कोपऱ्यात यंत्राचे दात खडकावर करकरले.
गाभण गाईएवढा धोंडा,
आणि घराचा कोपरा त्याच्यावर टेकलेला.
म्हणजे वीस वर्षं पाणी इथे यायचं,
अडायचं, आणि आमच्याकडे वळायचं.
धोंडा हलवला तर घर हलेल.
मी पाइपला दोन मीटरचा वळसा दिला,
दर मीटरला एक सेंटिमीटर उतार,
पातळी तीनदा तपासून.

रात्री अकराला विल्यो आला,
हात पाठीमागे बांधून.
म्हणाला, यंत्र आलंच आहे तर...
आणि त्याच्या अंगणातल्या बुंध्याच्या दिशेनं बघितलं.
मी मीटरकडे बोट दाखवलं.
त्यानं मान हलवली, तरी गेला नाही.
खडी पसरायला लागला.

पावणेतीनला शेवटची माती लोटली.
मीटरवर साडेसात.
मी किल्ली फिरवली.

इतक्या वेळानं कान मोकळे झाले की
आधी डास ऐकू येतात, मग नदी,
मग पाइपच्या तोंडाशी एक थेंब,
बराच वेळ काही नाही,
आणि दुसरा.

मी उतरले नाही.
ताउनो थर्मास घेऊन लंगडत आला,
कप वर दिला, थांबला.
अर्धा तास शिल्लक आहे, म्हणाला, काय करतेयस?
स्वेटर विणतेय, मी म्हटलं.
त्याला काही कळलं नाही.
तो पुन्हा बादलीवर जाऊन बसला,
माझ्याकडे पाठ करून, अकरा बाटल्यांकडे तोंड करून.

सकाळी यार्कोनं पट्ट्यांत अडकलेल्या मातीचे
चाळीस युरो वेगळे लावले.
मीटर वाचला, पुन्हा वाचला.
अर्धा तास फुकट गेला की तुमचा, म्हणाला.
मी पावतीची घडी घातली.
पाण्याचा फवारा सोडून तो
आमच्या घराखालची माती
त्याच्या अंगणात धूत होता.