सातशे वीस

येऊरच्या नाक्यावर उंबरसाडे वहीत लिहून घेतात:
सुलक्षणा टेमकर, कॅमेरा एक, तिकाटणं एक.
'काम' या रकान्यापाशी पेन थांबतं.
आकाश, मी म्हणते.
ते लिहितात: फोटो.

पौषाची अवस. कागदावर तीन शिक्के,
चौथ्या शिक्क्याचे साहेब रजेवर,
म्हणून त्यांच्या जागी उंबरसाडे
कानटोपी घालून माझ्याबरोबर चढतात.

पाड्याच्या मागं एक सपाट कातळ आहे.
डावीकडं ठाणं. ढग नाही, तरी
घोडबंदर रोडवर उजेडाचा ढग.
उजवीकडं नुसतं जंगल,
तिथं नजर गेली की टेकायला काही नाही.
मृग शहराच्या अंगानं वर चढतो
आणि जंगलाच्या अंगाला कलतो,
म्हणून चौकटीत दोन्ही घ्यावं लागतं.

तव्यावर भाजलेलं मीठ मोज्यात भरून
लेन्सच्या गळ्याला बांधलं, दव धरू नये म्हणून.
कान ठणकला की आई बांधायची, तसं.
नऊ वाजता बटण दाबलं.
पंधरा सेकंद उघडा डोळा, पाच सेकंद मिटलेला,
मिनिटाला तीन, एकपर्यंत सातशे वीस.

आता आपलं काय काम? उंबरसाडे विचारतात.
बसायचं.
हे तर मी रोजच करतो, आणि पगार घेतो.

मीही.
वर्तकनगरला, डायलिसिसच्या खोलीत.
तिथंही चारच तास.
नळीतून रक्त निघतं, फिरून परत येतं,
यंत्र झोपल्यासारखं घोरतं,
मी दर अर्ध्या तासानं आकडे टिपते.
थांबणं मला कुणी शिकवायला नको.

विमानं येत राहिली,
कुणीतरी काळ्या गोधडीला
घाईघाईनं धावदोरे घालावेत, तशी.
कृत्तिका डोक्यावरून सरकल्या. व्याध वर आला.
उंबरसाड्यांनी डब्यातली भाकरी अर्धी मोडून दिली,
सुक्या जवळ्याच्या चटणीचा वास
हातमोज्याला आठवडाभर राहिला.

अकरा चाळीसला खाली काहीतरी वाजलं.
पाचोळा नव्हे. पाचोळ्याहून जड.
ते उठले. बॅटरी लावली, चार पावलं गेले,
ऐनाच्या खोडावर उजेडाचा गोळा थरथरला.
कॅमेऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं,
तो पंधरा-पंधरा सेकंद सगळं पीत राहिला.
मग ते परत येऊन बसले.
मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

घरी सगळं जोडलं: तीस सेकंद.
आकाश चाकासारखं वळतं, दिसतं खरं देखणं.
फक्त चारशे ऐंशीपासून सात फोटो वाया,
पडद्यावर पापणी लवावी इतकेच.
पुसणार होते. राहिलं.

गुरुवारी तीन नंबरच्या यंत्रावर ऑलविनकाका परेरा.
पोखरणचे, पूर्वी कारखान्यात भोंगा वाजवायचे.
त्यांना दाखवलं.
पुन्हा लाव, म्हणाले. पुन्हा.
आठ वेळा पाहिलं,
त्यांच्या चार तासांतली चार मिनिटं सरली.
माझं पण असं आवळता येईल का गं?
नाही, काका.
मग ही रात्र तरी आवळू नकोस. सगळी दे.
एकेक फोटो, वीस-वीस सेकंद.

आता दर गुरुवारी सुई टोचली
की मी टॅब त्यांच्या उशाशी उभा करते.
पहिला फोटो. दुसरा फोटो.
काही हलत नाही. नीट पाहिलं तर
रोहिणी खिडकीच्या गजाएवढी सरकते.
बाजूच्या खाटेवरच्या बाई आधी हसायच्या,
परवा म्हणाल्या, जरा इकडं तिरकं करा.

आणि दोन तास चाळीस मिनिटं झाली
की काका मोकळ्या हातानं मला बोलावतात,
डोळे पडद्यावरून न काढता:
ये लवकर, उठला बघ तुझा माणूस.

काय होतं गं तिथं?
माहीत नाही, काका.

बरं, म्हणतात,
आणि तो परत येऊन बसेपर्यंत
बघत राहतात.